आबांचा संप आणि लेकीचं स्टेटस

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या बाई लालबागच्या. वय त्रेपन्न, फोर्टमध्ये नोकरी. घरात यजमान, टीवायला असलेली वीस वर्षांची मुलगी आणि एकोणऐंशी वर्षांचे सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. आबा मूळचे साताऱ्याकडचे, गिरणी कामगार. ब्याऐंशीच्या संपात त्यांनी लाठ्या खाल्ल्या, आतही जाऊन आले. त्यांचा धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होता, तो १९७१च्या युद्धात गेला. २०२५च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूर चालू असताना, मुलीनं ‘युद्ध कुणालाच नको’ असं स्टेटस ठेवलं. कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली ‘देशद्रोही’ असं लिहून झालं. तेव्हापासून आबा नातीशी बोलत नाहीत, तिच्या पंगतीला बसत नाहीत. यजमान म्हणतात, शिक्षण-नोकरी-पासपोर्ट सगळं पाण्यात जाईल. आता मुलीला पुढच्या महिन्यात आझाद मैदानावर युद्धविरोधी सभेला जायचं आहे. बाई विचारतात : ‘आबांच्या पिढीला देश कळत होता, या मुलांना मोबाइल कळतो. तिला कसं समजवू? आणि सभेला जाण्यापासून कसं थांबवू?’

ताई,

‘आबांच्या पिढीला देश कळत होता’ हे तुमचं वाक्य आधी घेते, कारण ते हल्ली बऱ्याच पत्रांत येतं आणि तुमच्या पत्रात तर तुम्हीच ते खोटं पाडलं आहे. गावाकडच्या पुतण्याबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात. एकोणीस वर्षांचा आहे, पहाटे चारला उठून रस्त्यावर धावतो, अग्निवीरची भरती गाठायची आहे. तुमची लेक वीस वर्षांची. दोघांच्या हातात मोबाइल आहेच, आडनावही एकच. त्याला लष्करात जायचंय, हिला युद्ध नकोय. मग यात पिढी कुठे आली?

मला दिसतो तो फरक लालबाग आणि सातारा यांच्यातला आहे. साताऱ्याच्या पट्ट्यात फौज हे देशाचं काम आहे आणि घर चालवायची वाटही आहे. आपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडलेलं असतं, कारण पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले आणि पुढेही घराघरांतून मुलं जात राहिली. महाडजवळचं फौजी आंबवडे तसंच. २०२२मध्ये अग्निवीरांच्या भरतीची अग्निपथ योजना आली. तिच्यात चार वर्षांनंतर फार तर २५ टक्के मुलांना कायम करतात, बाकीची तेविशी-चोविशीत घरी. हे ठाऊक असूनही मुलं धावतायत. तुमच्या पुतण्याला विचारलंत तर तोही युद्ध हवं असं म्हणणार नाही, नोकरी हवी म्हणेल. आणि वेळ आली तर जाईल.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे सक्तीची भरती कधी झाली नाही. अमेरिकेत व्हिएतनामच्या वेळी मुलांच्या नावानं घरी बोलावणी येत होती, त्यामुळे तिथली कॉलेजं पेटण्यामागे स्वतःच्या जिवाची चिंताही होती. तरीसुद्धा ‘तरुण म्हणजे युद्धाच्या विरोधात’ हे समीकरण तिथंही टिकत नाही. गॅलप या अमेरिकी जनमत चाचणी संस्थेच्या त्या काळातल्या पाहण्या काढून बघितल्या तर ‘या युद्धात पडणं चूक होती’ असं म्हणणारे तिशीच्या आतल्यांपेक्षा पन्नाशीच्या पुढचेच जास्त सापडतात. फोटोत लांब केसांची पोरं आली, म्हाताऱ्यांचे फोटो कुणी काढले नाहीत. तेव्हा वयावरून माणसाचं मत ठरवायची घाई आपणही करू नये.

तुमच्या लेकीला मात्र कुणी बोलावणं धाडणार नाही, आणि हे आबांना पक्कं माहीत आहे. तिच्या ‘युद्ध नको’ची तिला काही किंमत मोजावी लागत नाही, असं त्यांना वाटत असणार. त्यांच्या घरानं मोजली आहे.

इथे थोडं थांबते, कारण मला वाटतं सगळी गाठ इथे आहे. ३ डिसेंबर ते १६ डिसेंबर १९७१. मुंबईच्या आठवणीत ते दिवस म्हणजे ब्लॅकआउट, खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले कागद, मोटारींचे अर्धे काळे केलेले दिवे, सायरन. मग ढाक्याची शरणागती, ९३ हजार युद्धकैदी, सगळा देश आनंदात. त्याच दिवसांत आबांच्या गावी तार आली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते आणि गिरणीत पाळीवर होते, असं तुम्ही लिहिता. आणखी लिहिता की त्या भावाबद्दल ते कधीच बोलत नाहीत, फक्त सोळा डिसेंबरला फोटोला हार घालतात. आता २०२५चा मे आठवा. सात तारखेला मुंबईत मॉकड्रिलचे सायरन वाजले. चोपन्न वर्षांनी आबांच्या कानावर तो आवाज पडला, आणि दुसऱ्याच दिवशी नातीचं स्टेटस. तिनं लिहिलं होतं ‘युद्ध कुणालाच नको’. त्यांनी वाचलं ते असं की तुझा भाऊ फुकट गेला.

असं तिनं लिहिलेलं नाही आणि तिच्या मनातही नसेल. पण आबांनी काय वाचलं हे घरात कुणीही तिला सांगितलेलं दिसत नाही. ते तुम्ही सांगा. मत बदल म्हणून सांगू नका, घरातली एक माहिती म्हणून सांगा. ‘युद्ध नको’ म्हणणाऱ्या मुलीच्या घरात युद्धानं माणूस नेलेला आहे आणि त्याचं नाव-गाव, तो कसा दिसायचा, काय खायचा, हे तिला ठाऊक नाही. यात दोष तिचा कमी आणि मधल्यांचा जास्त. तिनं आबांकडे जाऊन वाद घालू नये, माफीही मागू नये (मताची माफी मागायला लावलीत तर ती मागेल आणि आतून तुटेल). तिनं एवढंच विचारावं, ‘आबा, धाकटे आजोबा कसे होते?’ पहिल्यांदा ते उठून जातील. जाऊ द्या, थोड्या दिवसांनी पुन्हा विचारावं. गावी जाणं होईल तेव्हा आबांना घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन यावं, धाकट्या आजोबांच्या सेवेचे कागद कुठून मिळतील याची चौकशी करावी. नातीनं अर्ज लिहायचा, आबांनी सही करायची. पाच महिन्यांचा अबोला अशा कामातून सुटायची शक्यता जास्त आहे. समोरासमोर बसवून ‘आता बोला एकमेकांशी’ म्हटलंत तर दोघंही भिंतीकडे बघतील.

आबांची दुसरी तक्रार तुम्ही त्यांच्याच शब्दांत दिली आहे : ‘आम्ही संप केला तो पोटासाठी. ही कुणासाठी मैदानात चाललीय?’

तक्रार वजनदार आहे. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले तेव्हा पगार, बोनस, बदली कामगारांची नोकरी असे रोकडे प्रश्न होते. दूरच्या कुणासाठी घसा कोरडा करणं ही आबांना चैन वाटणार. पण गिरणगावाचा इतिहास याहून मोठा आहे, आणि तो आबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवा. १८ फेब्रुवारी १९४६ला मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावरच्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध काम बंद केलं. चार दिवसांत ते बंड बंदरातल्या जहाजांपासून कराचीपर्यंत पोचलं. काँग्रेस आणि मुस्लिम लीग, दोघांच्याही पुढाऱ्यांनी खलाशांना शरण जायला सांगितलं. पण २२ फेब्रुवारीला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. परळ-लालबागचे लोक खलाशांसाठी रस्त्यावर आले. गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं मेली. त्यांतल्या एकाचाही पगार त्या संपानं वाढणार नव्हता. ज्यांच्यासाठी ते मेले ती मुलं कुठल्या प्रांतातली, कुठल्या धर्माची, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आबा त्याच साली जन्मले. गिरणीत लागले तेव्हा जुन्या जॉबरांनी, खात्यातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना हे सांगितलं नसेल असं होणार नाही.

यात मला आणखी एक दिसतं. बंड गणवेशातल्या मुलांचं होतं आणि त्यांच्यासाठी मोर्चा कामगारांनी काढला. सैनिकाचा मान आणि सरकारला विरोध ही दोन टोकं आहेत, एक धरलं की दुसरं सुटतं, हे आपण अलीकडेच मानायला लागलो. आबांच्या स्वतःच्या आयुष्यात दोन्ही एकत्र नांदली : भाऊ फौजेत आणि स्वतः संपात. एका हातानं फोटोला हार घातला, दुसऱ्या हातानं लाल बावटा धरला. त्यांनी कधी कुठे विसंगती मानली नाही. नातीत ती का दिसावी?

माणसंही एका जागी राहत नाहीत. जॉर्ज फर्नांडिस मुंबईचे कामगार पुढारी. ८ मे १९७४ला त्यांच्या नेतृत्वाखाली देशभरातले रेल्वे कामगार संपावर गेले आणि तो संप चालू असतानाच, १८ मेला, पोखरणला पहिला अणुस्फोट झाला. समाजवादी फर्नांडिस अण्वस्त्रांचे विरोधक. पुढे १९९८मध्ये पोखरणला पुन्हा स्फोट झाले तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री हेच फर्नांडिस, आणि पुढच्याच वर्षी कारगिलच्या वेळीही तेच. त्यांना कुणी दलबदलू म्हणो, कुणी परिपक्व. माझं म्हणणं इतकंच की एकाच माणसाच्या चोवीस वर्षांत एवढं अंतर पडू शकतं, तर आजोबा आणि नातीत पडलं म्हणून घर बुडालं असं समजू नका. तुमची लेक चव्वेचाळीसची होईल तेव्हा काय म्हणत असेल हे तिलाही माहीत नाही.

आता तिची बाजू फार गुळगुळीत करून ठेवणार नाही. २०२५च्या २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. त्यानंतर दोन आठवड्यांनी ‘युद्ध कुणालाच नको’ असं लिहिणाऱ्याला पुढचा प्रश्न येतो : मग काय करायला हवं होतं? उत्तर असू शकतं. पुष्कळ शहाण्या माणसांनी, त्यांत माजी सैनिकही आले, या प्रश्नाची निरनिराळी उत्तरं दिली आहेत. पण उत्तर शोधावं लागतं आणि स्टेटसच्या चौकटीत ते मावत नाही. तिनं ते शोधलंय का, हे तिला विचारा. आणि तेच वाक्य पुतण्यासमोर, फोनवर नव्हे, गावच्या अंगणात बसून, तिला म्हणता येईल का, हेही. म्हणता आलं तर ते तिचं मत आहे. जीभ अडली तर अजून विचार व्हायचाय, आणि विसाव्या वर्षी तसं असणं अगदी ठीक आहे.

मात्र हाच प्रश्न सोसायटीतल्या त्या सद्गृहस्थांनाही लागू पडतो. तुम्ही लिहिलंय की ‘देशद्रोही’ म्हणणाऱ्यांनी त्याच रात्री ग्रुपवर अमुक शहर जाळा, तमुक नकाशावरून पुसा असं लिहिलं होतं. त्यांच्यापैकी किती जणांचा मुलगा भरतीला धावतोय? त्यांचं युद्धही सोफ्यावरचंच आहे. १९६५मध्ये शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवू नका म्हटलं तर घरोघरी लोकांनी ते पाळलं, हॉटेलं सोमवारी संध्याकाळी बंद राहिली. १९६२मध्ये बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. तेव्हा युद्धाच्या बाजूनं असलेल्या माणसालाही काहीतरी सोडावं लागे. कारगिलपासून युद्ध टीव्हीवर आलं, आणि सोडायचं काही उरलं नाही, बघायचं उरलं. पिढ्यांत काही बदललं असेल तर मला ते हे वाटतं, आणि ते चाळिशी-पन्नाशीतल्यांमध्ये तितकंच आहे जितकं विशीतल्यांमध्ये.

यजमानांच्या भीतीला हसू नका. तुम्ही हसलात असं पत्रावरून वाटलं. संप सुरू झाला तेव्हा ते सहावीत होते. बापाचा पगार बंद, आई खानावळीसाठी चपात्या लाटतेय, वाण्याकडे उधारी, शेजारची दोन बिऱ्हाडं सामान बांधून गावी निघालेली. हे त्यांनी बारा वर्षांच्या डोळ्यांनी बघितलं. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तसाच विरून गेला. आबांच्या लेखी ती लढाई होती. त्यांच्या मुलाच्या लेखी ती घरातली उपासमार होती. मोर्चा म्हटलं की त्यांना घोषणा ऐकू येत नाहीत, वाण्याची वही दिसते. अशा माणसाला ‘तुम्ही भित्रे आहात’ म्हणून उपयोग नाही. त्याला माहिती द्यावी लागते, ती खाली देते.

त्याआधी तुमच्याबद्दल. एवढ्या मोठ्या पत्रात आबांचं मत आहे, यजमानांचं आहे, लेकीचं आहे, तळमजल्यावरच्या सेक्रेटरीचंही आहे. तुमचं कुठे आहे? युद्धाबद्दल तुम्हाला काय वाटतं, हे एका ओळीतही आलेलं नाही. ‘घरात शांतता हवी’ एवढंच आहे, आणि त्या शांततेसाठी गप्प कुणी बसायचं तर लेकीनं, हे तुम्ही न लिहिता ठरवून टाकलंय. आपल्या पिढीचं हे जुनं दुखणं आहे. आपण वाढलो तेव्हा गिरण्यांची धुराडी थंड होत होती, मग ब्याण्णव-त्र्याण्णवच्या दंगली झाल्या, मग नोकऱ्या, कर्जं, ब्लॉक. फोर्टमधल्या काळा घोडा चौकाशी अडवले जाणारे मोर्चे नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोर्टाच्या आदेशानंतर आझाद मैदानाच्या एका कोपऱ्यात गेले आणि आपल्या रोजच्या वाटेवरून दिसेनासे झाले. ‘कशाला भानगडीत पडायचं’ हे आपण इतकं ऐकलं की तेच आपलं मत होऊन बसलं. तुम्ही रोज सीएसएमटीला उतरता. मैदान तिथून हाकेच्या अंतरावर आहे. इतक्या वर्षांत एकदाही आत गेला नसाल, असा माझा अंदाज आहे.

पण पत्रात दोन गोष्टी तुम्ही जाता जाता सांगितल्यात. एक, मार्च २०१८मध्ये नाशिकहून चालत आलेले शेतकरी मुंबईत पोचले तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर जाऊन तुम्ही बिस्किटांचे पुडे वाटलेत. दहावीच्या मुलांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून ती माणसं सोललेल्या पायांनी रात्रीतूनच आझाद मैदानापर्यंत चालत गेली, त्याचं तुम्हाला तेव्हा भरून आलं होतं. मग ते काय होतं? दुसरी, तुमच्या कैलासवासी सासूबाई बाहत्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात ‘लाटणं घेऊन मोर्च्याला गेल्या होत्या म्हणे’. त्या ‘म्हणे’वर मी अडले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा निरनिराळ्या पक्षांतल्या बायकांनी महागाईविरुद्ध काढलेले ते मोर्चे. लालबागच्या सुना लाटणी घेऊन त्यांत गेल्या, आणि त्यांतली एक तुमच्या घरातली होती. लेकीला हे माहीत आहे का? (त्या दिवशी घरात भाकऱ्या आबांनी थापल्या का, हे त्यांना विचाराच. मला उत्तर ऐकायची फार इच्छा आहे.)

म्हणून ‘तिला कसं समजवू’ याआधी तुम्हाला काय वाटतं ते ठरवा आणि एकदा जेवताना, सगळ्यांसमोर, बोलून दाखवा. ते लेकीच्या विरुद्ध असलं तरी चालेल. ‘मला वाटतं मे महिन्यातली कारवाई गरजेची होती, पण तुला देशद्रोही म्हणणाऱ्याशी मी भांडेन’ असंही मत असू शकतं, किंवा याच्या बरोबर उलटं. आईला मत आहे हे कळलं की मुली आईशी वाद घालतात, आणि वाद घालणारी मुलगी घरात असते. नुसतं ‘नको गं, कशाला’ ऐकणारी बाहेर जाते आणि सांगत नाही.

आता सभेचं. वीस वर्षांच्या मुलीला तुम्ही थांबवू शकत नाही, फार तर खोटं बोलायला शिकवू शकता. तेव्हा जाणार हे धरून तयारी करा. सभा कुणाची आहे आणि पोलिसांची परवानगी आहे का, हे तिनं आदल्या दिवशी स्वतः विचारून घ्यावं. २०२५मध्येच गाझावरच्या हल्ल्यांविरुद्ध आझाद मैदानावर निदर्शनं करू द्यावीत ही मार्क्सवादी पक्षाची याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये फेटाळली, आधी आपल्या देशातले प्रश्न बघा असंही सुनावलं. ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर परवानगीनं सभा झाली. म्हणजे उत्तर महिन्यामहिन्याला बदलतं, ऐकीव माहितीवर जाऊ नये. परवानगी असलेल्या मैदानात, नेमलेल्या वेळेत बसणं हा गुन्हा नाही. भानगडी होतात त्या बहुतेकदा सभा संपल्यावर घोळका रस्त्यावर निघतो तेव्हा, किंवा जमावबंदी असलेल्या ठिकाणी. तिथून तिनं निघून यावं, आणि कधी निघायचं हे मैत्रिणींनी घरूनच ठरवून जावं. जवळ ओळखपत्र असावं. घरातला एक नंबर पाठ असावा, कारण मोबाइल हातातून गेला की सगळे नंबर त्याच्याबरोबर जातात. दुसऱ्यानं हातात दिलेला फलक वाचल्याशिवाय धरू नये.

समजा ताब्यात घेतलंच. अटक असेल तर कारण सांगावं लागतं, घरी कळवावं लागतं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी, हे सगळं लागतं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडत नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये आरेतल्या झाडांसाठी गेलेल्या २९ जणांना अटक झाली होती, त्यांत विद्यार्थीही होते. त्यांनाही जामीन मिळाला.

यजमानांना जे सांगायचं ते हे : मैदानापेक्षा मोबाइल जास्त जोखमीचा आहे. २०२५च्या त्याच मे महिन्यात पुण्यात इंजिनीअरिंग शिकणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीनं ऑपरेशन सिंदूरबद्दलची दुसऱ्याची पोस्ट पुढे टाकली, थोड्याच वेळात काढली, माफीही मागितली. तरी अटक झाली आणि कॉलेजनं काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला आणि कॉलेजला खडे बोल सुनावून तिला जामिनावर सोडलं, परीक्षेला बसू दिलं. न्याय मिळाला खरा, पण आधी तुरुंगात राहून. तुमच्या लेकीनं हे प्रकरण नीट वाचावं. तोंड बंद ठेवण्यासाठी नव्हे. दुसऱ्याचं लिहिलेलं पुढे ढकलताना त्यातल्या प्रत्येक शब्दाला आपण जबाबदार धरले जातो, आणि स्वतःचं वाक्य स्वतः लिहिलेलं बरं, एवढं त्यातून कळतं.

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीही काहीही उत्तर देऊ नका, लेकीनं तर नाहीच. ते काम यजमानांचं. त्यांनी सेक्रेटरीला खाली भेटून, आवाज न चढवता सांगावं की वीस वर्षांच्या मुलीचा स्क्रीनशॉट तिच्या नावानिशी फिरवणं आम्हाला चाललेलं नाही आणि पुन्हा झालं तर लेखी तक्रार देऊ. हे बोलायला त्यांना मोर्च्यात जावं लागत नाही, आणि वडील आपल्या बाजूनं जिने उतरले हे लेकीला दिसेल.

राहिला पासपोर्ट. नुसत्या सभेला बसल्यानं पासपोर्ट अडत नाही. फौजदारी खटला कोर्टात उभा राहिला तर अडू शकतो. तिचा पासपोर्ट अजून काढलेला नसेल तर याच आठवड्यात अर्ज करून टाका, यजमानांची निम्मी झोप त्यानंच परत येईल.